चि. सौ. मृण्मयीस, धुळवडीच्या ग्रहणाआधी

नौपाडा, ठाणे
२० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

३ मार्चच्या चंद्रग्रहणात पोटुशीनं पाणी प्यायलं तर चालेल ना, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा घरात माणसं होती आणि तुला मोकळं बोलता येत नव्हतं, हे तुझ्या आवाजावरून कळलं. मला सांगायचंय तेही फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच. वाटलं तर अमेयरावांनाही वाचायला दे.

आधी कामाचं. त्या दिवशी तू वेळेवर जेवायचंस, पाणी प्यायचंस, लोहाची गोळी चुकवायची नाहीस. पाय अवघडले की उठून चार फेऱ्या मारायच्यास. झोप आली तर झोपायचं, भाजी चिरावीशी वाटली तर चिरायची. सहावा महिना आहे आणि मार्चमधलं नेरुळचं ऊन आहे. अशा दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अन्नपाण्यावाचून एका खोलीत बसलीस आणि काही त्रास झालाच, तर तो उपासाचा आणि न प्यायलेल्या पाण्याचा असेल. चंद्राचा त्यात काही हात नसेल. मी सांगते म्हणून मानू नकोस, तुझ्या डॉक्टरीणबाईंनाही विचार.

आता हे ग्रहण नेमकं कसं आहे ते बघ. पंचांगाच्या पानावर ग्रहणाच्या पाच वेळा असतात: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष. या खेपेला स्पर्श दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी आहे. चंद्र पूर्णपणे सावलीत जाणार ४.३४ ला, सावलीतून बाहेर यायला लागणार ५.३३ ला, आणि मोक्ष ६.४७ ला. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि पौर्णिमेचा चंद्र साधारण त्याच वेळी उगवतो. म्हणजे दुपारी साडेचारला चंद्र पुरता झाकला जाईल तेव्हा तो आपल्या क्षितिजाच्या खाली असेल. ज्या सावलीची तुला भीती घालतात ती चंद्रावर पडलेली असताना तुझ्या आणि चंद्राच्या मध्ये खुद्द पृथ्वी आडवी असेल. चंद्र उगवेल तेव्हा मोक्षाला जेमतेम काही मिनिटं उरलेली असतील. त्यात आमच्याकडे पूर्वेला पारसिकचा डोंगर, तुमच्याकडे खारघरच्या टेकड्या. डोंगर ओलांडून चंद्र वर येईल तो स्वच्छ होऊनच. हे ग्रहण नीट दिसणार आहे ते न्यूझीलंडला, पूर्व ऑस्ट्रेलियात, पॅसिफिकमधल्या बेटांवर. तिथल्या गर्भवती बायका त्या रात्री नेहमीसारख्याच वावरणार आहेत.

सासूबाईंशी बोलताना मात्र न्यूझीलंडचा दाखला देऊ नकोस, त्यांचंच पंचांग उघड. जे ग्रहण दिसत नाही ते पाळायचं नाही, हा जुनाच दंडक आहे. म्हणून तर छायाकल्प ग्रहण, म्हणजे चंद्र नुसत्या फिकट सावलीतून जातो ते, कुणी पाळत नाही. ग्रस्तोदित, म्हणजे चंद्र ग्रासलेलाच उगवतो अशा ग्रहणाचा पुण्यकालही पंचांगकर्ते चंद्रोदयापासून मोक्षापर्यंतच धरतात, म्हणजे या वेळी काही मिनिटांचा. आणि वेधांच्या परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ असते, की लहान मुलं, वृद्ध, आजारी माणसं आणि गर्भवती यांनी वेध उशिरापासून पाळावेत. इतकी वर्षं पंचांगाची मुद्रितं वाचली, ती ओळ दर ग्रहणाला माझ्या नजरेखालून गेली आहे. नियम लिहिणाऱ्यालाही पोटुशी बाई दिवसभर उपाशी राहावी असं वाटत नव्हतं. लोक मोठ्या टायपातले वेध वाचतात आणि बारीक टायपातली ती सूट गाळतात.

सासूबाईंची भीती खोटी नाही, हेही लक्षात ठेव. डोहाळजेवणाच्या वेळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होतो. त्यांच्या माहेरी एका बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला होता. त्या बाळाच्या आईनं ग्रहणात विळीला हात लावला होता, असं घरात ठरलं. कुणी पाहिलं होतं का, तर नाही. पण ती बाई पुढे आयुष्यभर ते ऐकत राहिली, आणि तिचं स्वतःचंही तेच मत झालं. मृण्मयी, मला ग्रहणाच्या समजुतीत सगळ्यात जास्त खटकतं ते हे. चार तास बसून राहण्यानं फार काही बिघडत नाही एखादीचं. पण जन्मतः काही वेगळं असलेल्या बाळाच्या आईला गुन्हेगार ठरवायची सोय या समजुतीनं करून ठेवली आहे, आणि ती सोय पिढ्यान् पिढ्या वापरली गेली आहे.

बाळाचा वरचा ओठ जुळून येतो तो गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत. तो जुळला नाही तर त्यामागे आनुवंशिकता असू शकते, फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, धूम्रपान, काही औषधं असू शकतात. तुझ्या बाळाचा ओठ केव्हाच तयार झाला आहे. सहाव्या महिन्यातलं कुठलंही ग्रहण मागे जाऊन त्याला हात लावू शकत नाही. आणि गंमत बघ, हीच भीती समुद्रापलीकडे मेक्सिकोतही होती. चंद्राला जसा चावा बसतो तसा बाळाच्या ओठाला बसेल, असं तिथले लोक मानत. सोळाव्या शतकात तिथल्या चालीरीती लिहून ठेवणाऱ्या एका स्पॅनिश पाद्र्यानं नोंदवलंय की गर्भवती बाई ग्रहणात पोटाशी काळ्या काचदगडाचं धारदार पातं बाळगायची. आजही तिथे सेफ्टी पिन लावतात. आपल्याकडे त्या वेळी सुई-सुरीला शिवायचं नाही, तिथे तीच धार रक्षण करते. दोन्हीकडे चंद्र तोच, सावली तीच. नियम मात्र एकमेकांच्या अगदी उलट. चंद्रातून खरोखर काही येत असतं तर दोन्हीकडच्या बायकांना एकच नियम सापडला असता.

राहूची गोष्ट मात्र टाकून देऊ नकोस. तुला लहानपणी ती सांगताना मला फार आवडायची, आणि बाळालाही मी ती सांगणारच आहे. समुद्रमंथनातून अमृत निघालं, मोहिनी ते वाटायला लागली, स्वर्भानू नावाचा दैत्य वेष पालटून देवांच्या पंगतीत बसला. सूर्य आणि चंद्र यांनी त्याला ओळखलं. विष्णूनं चक्र सोडलं, पण तोवर अमृत घशापर्यंत गेलं होतं, म्हणून डोकं अमर झालं. ते डोकं आजही वैर धरून चंद्राला गिळतं. पण गळ्याखाली धडच नाही, त्यामुळे गिळलेला चंद्र तुटलेल्या गळ्यातून बाहेर येतो. ज्यानं कुणी ही कथा रचली त्यानं आकाशाकडे नीट पाहिलं होतं. चंद्र झाकला का जातो एवढंच सांगून तो थांबला नाही, तो परत का येतो याचंही उत्तर त्यानं कथेतच ठेवलं. त्या काळी हाताशी जेवढं होतं तेवढ्यात ही फार मोठी झेप आहे.

पुढे आपल्याच ज्योतिर्विदांनी राहूचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला साधारण पाच अंशांनी तिरकी आहे. या दोन वाटा एकमेकींना दोन ठिकाणी छेदतात. पौर्णिमेचा किंवा अमावास्येचा चंद्र त्या छेदाजवळ असेल तरच ग्रहण होतं, एरवी तो वरून किंवा खालून निसटतो. म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण नसतं. या दोन छेदबिंदूंना त्यांनी नावं दिली राहू आणि केतू. हे बिंदू उलट्या दिशेनं सरकतात आणि साडेअठरा वर्षांहून थोड्या जास्त काळात एक फेरा पुरा करतात. पंचांगातल्या ग्रहांच्या कोष्टकात राहूचा जो रकाना असतो, तो या बिंदूचा. दैत्य गेला, नाव राहिलं, आणि नावाच्या जागी गणित आलं.

हे आर्यभटाला ठाऊक होतं. इसवी सन ४९९ मध्ये तो तेवीस वर्षांचा होता, आणि ‘आर्यभटीया’त त्यानं अर्ध्या ओळीत निकाल लावला: ‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. पुढच्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त तेच लिहिलं, राहू हे ग्रहणाचं कारण नव्हे असं स्पष्ट सांगून. हा वराहमिहिर शकुन आणि फलं यांवर पानंच्या पानं लिहिणारा माणूस, पण सावलीच्या बाबतीत त्यानं आडपडदा ठेवला नाही.

मग ६२८ साली ब्रह्मगुप्तानं आपला ग्रंथ लिहिला. गणिती म्हणून तो या दोघांच्याही पुढचा. शून्य घेऊन बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम त्यानं लिहिले. ग्रहणाचं गणित तोही सावलीवरूनच करतो. तरीही त्याच ग्रंथात तो आर्यभट आणि इतरांना दोष देतो, की राहू नाही म्हणणं हे वेद-स्मृतींच्या विरुद्ध आहे. साधारण १०३० साली अल् बिरुनी या परदेशी विद्वानानं हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ लिहिला, त्यात तो इथे अडखळतो. ज्या माणसाला खरं कारण माहीत आहे, जो त्यावरून मिनिटांचा हिशेब मांडतो, तो असं का लिहितो? बिरुनीचा तर्क असा की विचारांपायी सॉक्रेटिसावर मृत्युदंड ओढवला तसं काही आपल्यावर ओढवू नये, ही धास्ती त्यामागे असावी. ब्रह्मगुप्ताच्या मनात काय होतं ते सांगायला तो नाही. पण विद्या घरात असूनही समाजापुढे ती बोलता येत नाही अशी वेळ येते, हे बिरुनीनं बरोबर हेरलं होतं. आर्यभटाची ओळ लिहून दीड हजार वर्षं झाली, आणि नेरुळच्या सातव्या मजल्यावर माझ्या शिकलेल्या लेकीला दबक्या आवाजात विचारावं लागतं, की आई, मी पाणी प्यायलं तर चालेल ना?

ग्रहण सुटायच्या वेळी ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी रस्त्यातून यायची. माझ्या आईच्या तोंडून तिचं वर्णन मी ऐकलं आहे. जुने कपडे, धान्य, एखादं नाणं अंगावरून ओवाळून द्यायचं, आणि घ्यायला यायची ती माणसं एरवी ज्यांना कुणी उंबऱ्याशी उभं करत नसे. घरावरचं अरिष्ट कपड्यांबरोबर त्यांच्या पदरात जाणार, अशी समजूत. आकाशातल्या एका सावलीच्या नावानं पृथ्वीवर कुणी कुठे उभं राहायचं ते ठरत होतं. बुद्धीनं विचार करायचा तो कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते. ओठ दुभंगलेल्या बाळाची आई आणि रस्त्यातून ओरडत जाणारा तो माणूस, या दोघांच्याही डोक्यावरचं ओझं एका बरोबर उत्तरानं उतरू शकत होतं. उत्तर होतं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

आता माझ्या कामातलं थोडं सांगते. तू लहान असताना मी छापखान्यातून कागद घरी आणायचे, तुला आठवत असेल. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि मी मुद्रितावर पेन्सिल धरून जुळवायचे: ‘चतुर्थी, एकवीस चौदा, हस्त, सतरा बावीस’. आकडे ऐकता ऐकता मला हळूहळू दिसायला लागलं, की एकाच पानावर दोन जातींची वाक्यं शेजारी शेजारी बसलेली आहेत. संकष्टीचा चंद्रोदय हे एक वाक्य. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर, ती सगळीकडे एकदमच बदलते. पण चंद्र उगवतो प्रत्येक गावाला वेगळ्या वेळी, नागपूरला आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणून गावोगावचे आकडे वेगळे छापतात. महाराष्ट्रातल्या लाखो बायका दिवसभर उपास करून त्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. आकडा चुकला तर त्याच रात्री कळतं. गच्चीवर ताट घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येकीला कळतं.

त्याच पानावर दुसरं वाक्य असतं: पावसाच्या नक्षत्राचं वाहन बेडूक, पाऊस चांगला. वाहन काढायचं तर सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि उरेल ती बाकी बघायची. चंद्रोदय ठाण्याचा वेगळा, सोलापूरचा वेगळा. वाहन मात्र ठाण्याला आणि सोलापूरला एकच. आपल्याकडचा पाऊस आणि सोलापूरचा पाऊस यांची तुलना तरी होते का? तरी दरवर्षी ते छापलं जातं आणि ते चुकलं म्हणून कुणी पंचांग परत करत नाही. पहिलं वाक्य स्वतःला पकडू देतं, दुसरं कधीच सापडत नाही. ग्रहणाच्या पानावर ६.४७ चा मोक्ष पहिल्या जातीचा, आणि खाली राशीनुसार शुभ, मिश्र, अनिष्ट असं जे फल असतं ते दुसऱ्या जातीचं. पहिल्याच्या अचूकपणामुळे लोकांचा दुसऱ्यावर विश्वास बसतो. हे इतकं सवयीचं झालंय की आपल्याला त्यातली फट दिसत नाही.

पहिल्या जातीच्या वाक्यांवर आपल्या माणसांनी किती मेहनत घेतली आहे! मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात गणेश दैवज्ञ राहत होता. त्यानं १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. सूर्य एका सिद्धान्तातून घेतला, दुसरे ग्रह दुसऱ्यातून, का तर त्याच्या काळच्या आकाशाशी जे जुळेल ते घ्यायचं म्हणून. कोणत्या ऋषीनं सांगितलं यापेक्षा डोळ्यांना काय दिसतं ते त्यानं वर ठेवलं. महाराष्ट्रातली पंचांगं त्यानंतर तीनशे वर्षांहून जास्त काळ त्याच्यावर चालली. हळूहळू त्याच्याही आकड्यांत फरक पडायला लागला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० साली नव्या निरीक्षणांवरची कोष्टकं मराठीत काढली. केवढा वाद झाला त्यावर! सण कोणत्या दिवशी करायचा इथपर्यंत भांडणं गेली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये हा सगळा इतिहास एका जाडजूड मराठी ग्रंथात नोंदवून ठेवला. आकाश आणि पोथी यांत फरक पडला तर पोथी दुरुस्त करायची, ही आपल्याच घरातली रीत आहे. कुणी ‘आपली परंपरा’ म्हणून तुला गप्प करू लागलं तर नांदगावच्या या माणसाचं नाव घे.

तुला तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली दिली आहे, म्हणजे बाळ मृगात येणार. परवा काकू म्हणाली, मृगाचं मूल म्हणजे पाऊस घेऊन येणार. मला ते ऐकायला गोड वाटलं. आज रात्री आठला गच्चीवर जा. डोक्यावर, जरा दक्षिणेकडे कलून, मृग उभा असतो. नवी मुंबईच्या दिव्यांतही त्याच्या पोटातले तीन तारे पुसले जात नाहीत. तो बाण. त्या तिघांची रेघ खाली आग्नेयेकडे वाढव, व्याधावर जाईल, सगळ्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. वर वाढव, लालसर रोहिणीच्या जवळ जाईल. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरणाचं रूप घेऊन आपल्याच लेकीच्या, रोहिणीच्या मागे लागतो आणि देव त्याच्यावर बाण सोडायला लावतात, ती गोष्ट या रेघेवर बसवलेली आहे. त्या गोष्टीत बापालाही शिक्षा आहे, देव असला तरी. मला ते मोलाचं वाटतं.

पण मग जूनमध्ये मृगाचा पाऊस येतो तेव्हा हा मृग कुठे असतो? दिसत नाही, कारण सूर्य त्याच दिशेला असतो. साधारण ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात येतो आणि तेरा-चौदा दिवस तिथे राहतो. तो दिवसा आपल्या माथ्यावरून जातो, हरणाला उजेडात झाकून. शेतकऱ्यानं पेरणीची वेळ सांगायला न दिसणाऱ्या ताऱ्यांचं नाव घेतलं, त्यासाठी आधी कितीतरी पिढ्या पहाटे आणि संध्याकाळी क्षितिज वाचत बसल्या असतील. मला ग्रहांच्या शुभ-अशुभापेक्षा यात कितीतरी जास्त आश्चर्य वाटतं. बाळाला आधी हे दाखवायचं.

पत्रिकेचं तू स्वतः काही विचारलं नाहीस, पण कानावर आलंय की शस्त्रक्रिया करावी लागली तर मुहूर्त बघून करावी, असं कुणीतरी सुचवलं आहे. ती वेळ डॉक्टरांनी ठरवायची, बाळाच्या ठोक्यांवरून आणि तुझ्या तब्येतीवरून. यावर मी घरात कुणाशीही बोलायला तयार आहे. जयंत नारळीकरांनी पुण्यात नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर एक चाचणी घेतली होती, तिचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोनशे मुलांच्या पत्रिका होत्या, निम्म्या शाळेत हुशार ठरलेल्या मुलांच्या, निम्म्या बौद्धिकदृष्ट्या विकलांग मुलांच्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगायचं होतं. सरासरी यश निम्म्याच्याही खाली आलं, नाणं उडवून जेवढं यावं तेवढंही नाही. कुणावर आरोप नाही, आरडाओरडा नाही; एक साधी परीक्षा. नारळीकर गेल्या मे महिन्यात गेले. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात गोळ्या घातल्या. त्या दिवशी तू कॉलेजातून आलीस ती माझ्याजवळ येऊन गप्प बसलीस. बिरुनीचा तर्क वाचते तेव्हा मला तो दिवस आठवतो.

अजून एक सांगायचंय, आणि हे तुझ्यासाठीच आहे, कारण भीतीला तू फसणार नाहीस, पण अभिमानाला कुणीही फसतं. लग्नाआधी आपण विजयदुर्गला गेलो होतो. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर साहेबानं इथे बसून हेलियमचा शोध लावला. कोकणात हेलियम सापडला, आपली छाती फुगते. पण त्या ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सन होता गुंटूरला, आणि इंग्रज ज्योतिर्विद लॉकयर तेव्हा इंग्लंडात होता. त्यानं सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा, हेलियमची खूण, ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गला लॉकयर आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तोवर हेलियम प्रयोगशाळेतही वेगळा झाला होता, १८९५ साली, रॅम्सेकडून. खरी हकिगत काय कमी आहे? जगातला एक नावाजलेला ज्योतिर्विद जहाजातून कोकणात उतरतो आणि एका मराठी किल्ल्यावर दुर्बिणी मांडतो. तरी आपल्याला तीस वर्षं मागची तारीख हवीहवीशी वाटते. राहू-केतू जुने झाले, पण गोष्टी रचणं थांबलेलं नाही. आता त्या विज्ञानाच्या नावानंही रचल्या जातात, आणि फोनवर सकाळी येतात. प्राचीन काळी आपल्याकडे सगळं होतं असं सांगणारं काही आलं तर ते पुढे पाठवण्याआधी विचार, की हे वाक्य चुकीचं असेल तर ते मला कसं कळेल? आर्यभटाला मोठं म्हणायला त्याच्या नावावर विमानं आणि अणू चढवावे लागत नाहीत. त्याची ती अर्धी ओळ पुरेशी आहे, आणि ती गेल्या ७ सप्टेंबरला रात्री अकरानंतर आपण गच्चीवरून ढगांच्या फटीत डोळ्यांनी पाहिली.

भारतातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल असं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला आहे, रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास मध्य. तेव्हा बाळ अडीच वर्षांचं असेल. जागं राहिलं तर गच्चीवर नेऊ, झोपलं तर झोपू दे.

धुळवडीच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रान्स-हार्बरनं येतेय, पुरणपोळ्या घेऊन. मंगळवारी तुमच्याकडेच राहीन. सासूबाईंना मी येणार आहे हे आधी सांगून ठेव, त्यांना अचानक वाटायला नको. त्यांना त्या दिवशी स्नान करायचं असेल, जप करायचा असेल तर मीही त्यांच्याजवळ बसेन. देवाचं नाव घ्यायला माझी कधीच हरकत नव्हती. तुझ्या जेवणाच्या वेळेला मात्र मी त्यांच्याशी गोडीनं बोलेन आणि ताट मीच वाढेन. येताना ती लाल कव्हरची जुनी वही आणते, तिच्यात मृगाची आकृती तू सातवीत असताना काढलेली आहे. गोळ्यांची नवी पट्टी संपत आली असेल तर फोनवर सांग, इथून घेऊन येईन. पायाला सूज असेल तर रात्री उशीवर पाय ठेवून झोप.

विहीणबाईंना आणि व्याह्यांना नमस्कार, अमेयरावांना आशीर्वाद.

तुझी,
आई